घरचे, दारचे आणि मिशनचे

१८४३ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एक वेगळाच खटला उभा राहिला. वाद जमिनीचा नव्हता की पैशाचा नव्हता. वाद होता सुमारे बारा वर्षांच्या श्रीपत शेषाद्री या मुलाचा. त्याचा थोरला भाऊ नारायण याने त्याच वर्षी सप्टेंबरात स्कॉटिश मिशनचे रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता आणि श्रीपतही भावापाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. मुलगा अज्ञान आहे, सबब बापाच्या ताब्यात द्यावा, असा निकाल न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी दिला.

कोर्टाचे काम तिथे संपले आणि खरा पेच सुरू झाला. श्रीपतचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण मिशनऱ्यांच्या घरचे अन्न त्याच्या पोटात गेले होते. अशा पोराला पंक्तीला घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घेण्यासाठी खटपट केली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. परत आलेल्या मुलाची ही तऱ्हा. मग जो गेला आणि परत फिरलाच नाही, त्या नारायणच्या वाट्याला काय आले असेल?

त्याआधी चारच वर्षे मुंबईतल्या पारशी समाजाने असेच रान उठवले होते. डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतले धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे दोन तरुण १८३९च्या मे महिन्यात ख्रिस्ती झाले. तेही प्रकरण कोर्टात गेले. धनजीभाई स्वतःचा निर्णय घेण्याइतका मोठा आहे, असे कोर्टाने ठरवले आणि पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून भराभर काढून घेतली. इंग्रजी शिक्षण सगळ्यांनाच हवे होते, पण त्याच्यासोबत येणारा येशू कुणाला नको होता.

ख्रिस्ती श्रद्धेपायी झालेला छळ म्हटला की रोमन आखाडे आणि सिंह आठवतात. मराठी मुलखात सिंह नव्हते. इथला विरोध माजघरात झाला, पाणवठ्यावर झाला, वर्तमानपत्राच्या रकान्यांत झाला. या कहाणीला आणखी एक अंग आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. जातीचा बहिष्कार पचवून जे ख्रिस्ती झाले, त्यांतल्या कर्त्या माणसांना पुढे मिशनऱ्यांशी आणि चर्चशीही दोन हात करावे लागले. घरचे म्हणत, तू आमचा राहिला नाहीस. नवे गुरुबंधू म्हणत, तू अजून पुरता आमचा झाला नाहीस.

गोव्यात हा दुसरा विरोध तर राजसत्तेच्या बळावर चालला. तिथले इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२पर्यंत टिकले. त्याचा मोठा रोख बाटलेल्यांवरच होता. बाप्तिस्मा घेऊनही जुन्या चालीरीती पाळणारा माणूस त्याच्या तावडीत सापडे. १७३६च्या हुकुमाने तर नवख्रिस्तींची लग्नातली गाणी, दारची तुळस, पेहराव, खाण्यापिण्याच्या रीती अशा बारीकसारीक गोष्टींवर बंदी घातली. ज्यांनी धर्म बदलला त्यांच्या घरात शिरून ते भात कसा शिजवतात हे पाहणारी ही यंत्रणा होती.

त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने वेगळा मार्ग धरला. लोकांकडून त्यांची पुराणे काढून घेतली, मग त्यांच्या हाती द्यायचे काय, असा प्रश्न नवख्रिस्तीच विचारत होते. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला होता. इथली भाषा त्याने इतकी आत्मसात केली की बायबलची कथा त्याने मराठी ओवीत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल इथे छापून झाले. त्या शतकातल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. या पोथ्यांनी स्थानिक भाषेवर वक्रदृष्टी ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांचा काळही पार केला.

ब्रिटिश अमलात मात्र सरकार अंतर राखून होते आणि दाब समाजाचा होता. तो किती होता हे समजायला पुण्याचे पंचहौद प्रकरण पुरेसे आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या नामांकित पुणेकरांपुढे चहा-बिस्किटे आली. कुणी चहा घेतला, कुणी नुसताच पेला हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले, लोकमान्य टिळकांनाही खुलासे करावे लागले. रानडे-टिळकांसारख्यांना चहाच्या पेल्यावरून ही पाळी आली, तिथे साध्या कारकुनाने किंवा शाळामास्तरने बाप्तिस्मा घेतल्यावर काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

कायद्याने थोडा आधार दिला होता. धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० साली एकविसावा अॅक्ट आला. ख्रिस्ती झालेल्याचा जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला तयार नसेल, तर वर्षभर थांबून विवाह मोडण्याची सोय १८६६च्या कायद्याने केली. दुसऱ्या कायद्याची गरज पडली यावरूनच घरोघरी काय चालले होते ते कळते. नवरा ख्रिस्ती झाला की सासर-माहेरची माणसे बायकोला उचलून घेऊन जात, आणि ती ना सवाष्ण ना विधवा अशी मधेच लोंबकळत राही.

ही लोंबकळती अवस्था मराठीत एका बाईने लिहून ठेवली आहे, तीही हसत हसत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघाली. जलालपूरच्या गोखल्यांची मनू अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळकांची बायको झाली. टिळक कवी, पंडित, लहरी आणि पायाला भिंगरी बांधलेले. नागपूरला ते ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिक चालवत होते. तिथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले, डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले आणि तिथून मागे फिरले नाहीत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून. टिळकांचा पुढचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत दिसतो.

इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरी लहान मुलगा दत्तू आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. पुढची चार-पाच वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली, त्यातला बराच काळ पंढरपुरात. लोक कीव करत, कुजबुजत, फुकटचे सल्ले देत. नवऱ्याचे नाव काढले की रडायचे, आणि टाकले तर लोक म्हणणार निर्दय बाई. लक्ष्मीबाई हे सगळे सांगताना स्वतःलाही सोडत नाहीत. त्यांचे सोवळे किती कडक होते, राग किती होता, आणि त्या रागातही टिळकांच्या पत्राची वाट कशी पाहिली जात होती, हे त्या मिस्कीलपणे लिहून जातात. धर्मांतराच्या कथा बहुतेक करून गेलेल्या माणसाच्या बाजूने लिहिल्या जातात. मागे राहिलेल्या माणसाचाही छळच होतो, हे मराठी वाचकाला या पुस्तकाने दाखवले, आणि त्यासाठी ते कुठल्याही चर्चच्या इतिहासापेक्षा भरवशाचे वाटते.

अखेर त्या टिळकांकडे परतल्या, पण आपले सोवळे बरोबर घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाण्याची भांडी वेगळी. एकाच छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको कर्मठ ब्राह्मण. टिळकांनी बाप्तिस्म्याचा आग्रह धरला नाही. जातपात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात आपणहून उभा राहिला आणि एकदा उत्तर सापडल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी केली. १९०० साली राहुरीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईने नवऱ्याला सर्वांत जास्त काळ विरोध केला, तिनेच पुढे त्याचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. टिळकांनी सुरुवातीचे काही अध्याय लिहिले होते, उरलेला सारा डोंगर लक्ष्मीबाईंनी उपसला.

टिळकांचा दुसरा झगडा मिशनशी होता. ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगरला शिकवत, १९०४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू त्यांनी सांभाळली. पण मराठी ख्रिस्ती माणसाने कोट-पाटलोण आणि परकी चाल उचलली म्हणजे तो अधिक ख्रिस्ती झाला, हे त्यांना कधीच पटले नाही. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो, असे ते मोकळेपणी सांगत. मिशनच्या पगारी चाकरीत त्यांचा जीव गुदमरत होता. १९१७ साली त्यांनी ती सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, असे दोघेही ख्रिस्ताचे म्हणून तिथे एकत्र बसावेत अशी ती कल्पना होती. चर्चच्या दृष्टीने हे भलतेच धाडस होते. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले आणि दरबार फार चालला नाही. त्यांची भजने मात्र चालली. आज मराठी मंडळींत रविवारी ‘उपासना संगीत’ उघडले की जागोजागी टिळक भेटतात.

भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणणारे टिळक एकटे नव्हते. नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. टाळ-वीणा घेऊन येशूची कथा सांगायची म्हणजे देवळातला प्रकार चर्चमध्ये आणायचा, असे वाटणारे लोक दोन्ही बाजूंना होते.

पण दोन्ही बाजूंचा मार एकाच वेळी कुणी खाल्ला असेल तर पंडिता रमाबाईंनी. १८५८ साली जन्मलेल्या, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या संस्कृत शिकलेल्या या मुलीने कलकत्त्याच्या पंडितसभेत ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली, तेव्हा सगळा देश कौतुक करत होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला आणि कौतुक एका रात्रीत आटले. त्यांच्या बाजूने उभे राहणारे थोडे होते. त्यांत जोतीराव फुले होते. १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली. पुण्याच्या वर्तमानपत्रांच्या सुरापुढे हा आवाज एकाकी होता.

इंग्लंडमधला त्यांचा पत्रव्यवहार पुढे वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवला आणि तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. ती पत्रे वाचताना कधी हसू येते, कधी चीड. रमाबाई अंडे खात नाहीत, शाकाहार सोडत नाहीत, याचे सिस्टरबाईंना वैषम्य. हा जातीचा अहंकार तर उरला नाही ना, अशी शंका. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, हा रमाबाईंचा सवाल. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नकार कळवला, असे केल्याने मायदेशी बाईची अब्रू जाईल म्हणून. ज्या बाईने भारतभर पुरुषांच्या सभा गाजवल्या, तिला भारतातल्या अब्रूची काळजी बिशपांनी शिकवावी! रमाबाईंनी ठणकावून लिहिले. आपण ख्रिस्ताची शिकवण पत्करली आहे, कुण्या पाळकाच्या किंवा पंथाच्या हवाली आपला विवेक केलेला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्यांनी प्रश्न विचारले. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या बाईने सिद्धान्तावर बोट ठेवावे, हे सिस्टर जेराल्डिनना झेपणारे नव्हते.

अमेरिकेतून निधी जमवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. विधवांसाठी ही शाळा होती आणि धर्माच्या बाबतीत मोकळीक हे तिचे जाहीर धोरण होते. मुलींना आपापले सोवळे-ओवळे पाळता यावे म्हणून स्वयंपाकाची व्यवस्था तशी ठेवलेली होती. पण रमाबाई स्वतः रोज प्रार्थना करत आणि खोलीचे दार उघडे ठेवत. घरातली आई देवपूजा करताना दार लावून बसत नाही, मग मी का लावावे? हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. बोलावणे नव्हते आणि मज्जावही नव्हता.

त्या उघड्या दाराने १८९३ साली पुणे पेटले. ‘केसरी’ने सदनावर झोड उठवली. शिक्षणाच्या नावाखाली बाटवाबाटवी चालली आहे, असा आरोप झाला. सल्लागार मंडळातले रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या आणि एका झटक्यात शाळेतल्या पंचवीसेक मुली कमी झाल्या. आज मागे वळून पाहता टीकाकारांची भीती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणता येत नाही. प्रेमळ शिक्षिकेच्या प्रार्थनेचा परिणाम निराधार मुलींवर होणारच. पण ज्या समाजाने या मुलींना केशवपन आणि अंधारी खोली याखेरीज काही दिले नव्हते, त्याने त्यांच्या धर्माची एवढी काळजी त्या शाळेत गेल्यावरच का सुरू केली, याचे उत्तर कुणी दिले नाही. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्याच १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. ती ख्रिस्ती झाली नाही, हे आरोपांच्या धुरळ्यात कुणी लक्षात घेतले नाही.

रमाबाई खचल्या नाहीत. पुण्यापासून दूर केडगावला त्यांनी जमीन घेतली, दुष्काळातून बायका-मुलींना गोळा करून आणले आणि ‘मुक्ती’ उभी केली. तिथे विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, कारण रूढ भाषांतर खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्या बायकाच. मनोरमा १९२१ साली गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि बायबल १९२४ साली बाहेर आले. महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात त्यांना पुढची कित्येक दशके जेमतेम एखादा परिच्छेद मिळाला, हाही बहिष्काराचाच एक प्रकार होता.

आतापर्यंतची नावे बहुतेक ब्राह्मण घरांतली आहेत, कारण लिहून ठेवणारे तेच होते. संख्येने ख्रिस्ती झाले ते नगर, जालना, सातारा भागांतले महार आणि मांग. सुरुवातीला ज्यांचा उल्लेख आला त्या नारायण शेषाद्रींनी पुढचे आयुष्य जालन्याजवळ याच लोकांत घालवले आणि तिथे ‘बेथेल’ नावाची वस्ती वसवली. या लोकांवरचा दाब वेगळ्या जातीचा होता. पंक्तीतून उठवण्याचा प्रश्नच नव्हता. पंक्तीला त्यांना बसवले होते कुणी? त्यांची कोंडी गावकीतून होई. मेलेले ढोर ओढायला किंवा देवाच्या मिरवणुकीत वाजवायला नकार दिला की बलुते बंद, मजुरी बंद. तक्रार करायला छापखाना नव्हता, आत्मचरित्र लिहायला फुरसत नव्हती. त्यांच्या वंशजांची कोंडी स्वतंत्र भारतातही पुरती फुटलेली नाही. अनुसूचित जातींची व्याख्या करणारा १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश हिंदूंपुरता होता. शिखांचा समावेश १९५६मध्ये झाला, बौद्धांचा १९९०मध्ये. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावात त्यांची जात सगळ्यांना ठाऊक असते, फक्त कागदावर ती नसते. चर्चच्या दफनभूमीतही कधीकधी तिचा पत्ता लागतो, हे ख्रिस्ती कार्यकर्तेच सांगतात.

अगदी अलीकडचे उदाहरण वसईचे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाला चर्चच्या कुंपणाबाहेरच्या मराठी वाचकापर्यंत नेले. ‘हरित वसई’च्या आंदोलनात बिल्डर आणि गुंडांच्या विरोधात ते रस्त्यावर उतरले तेव्हा धमक्या त्यांना नव्या राहिल्या नाहीत. धर्मगुरूने वेदी सोडून जमिनीच्या भांडणात कशाला पडावे, असे म्हणणारे त्यांच्याच लोकांतही होते. लेखणीही थांबली नव्हती; त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मग २०१९च्या सप्टेंबरात उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव जाहीर झाले. या पदावर येणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. लगोलग साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांना धमकीचे फोन सुरू झाले, धर्मांतराचे जुनेच आरोप नव्याने फिरू लागले. टिळक-रमाबाईंच्या काळात जे रकान्यांत छापून येई, ते आता मोबाइलवर येऊ लागले होते. महामंडळाने निवड बदलली नाही. जानेवारी २०२०मध्ये, पाठीचे दुखणे घेऊन आणि पोलीस बंदोबस्तात, दिब्रिटो उस्मानाबादच्या मंचावर गेले आणि त्यांनी अध्यक्षीय भाषण केले, अर्थातच मराठीत.